नाव पटत नाही

चारुशीला ठवकर हिला "मला माहीत नाही" असं म्हणताना मी पस्तीस वर्षांत एकदाच ऐकलं. गेल्या मार्चमधली गोष्ट. डॉक्टर तिच्या धरमपेठेतल्या घरी आईला तपासायला आले होते आणि जाता जाता त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता. मी बाजूला चहाचा कप घेऊन बसले होते. तिचं उत्तर ऐकलं आणि अर्धा कप माझ्या साडीवर सांडला.

प्रश्न एवढाच होता, की आईंचं लग्नाआधीचं नाव काय?

चारू ज्यांना ठाऊक नाही त्यांना यात चहा सांडण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. म्हणून आधी तिच्याविषयी सांगते.

आम्ही दोघी एकाच वर्षी एकाच कॉलेजात लागलो. मी अर्थशास्त्राची, ती समाजशास्त्राची. मला समाजशास्त्रवाल्यांचा पहिल्यापासून राग. जे घरोघरी दिसतं तेच हे लोक तीनशे पानांत लिहितात आणि वर डॉक्टर म्हणवून घेतात, असं मी तिला तोंडावर म्हणायची. ती हसायची. तिचे वडील रामाजी ठवकर कळमन्याच्या बाजारात धान्याचे अडते होते. घरात पुस्तक म्हणजे पंचांग. त्या घरातली मुलगी एम.ए. झाली आणि पीएच.डी.साठी कुठे गेली, तर वडिलांच्याच बाजारात, धान्य चाळणाऱ्या बायकांपाशी. रामाजींना चार लोकांत मान खाली घालावी लागली म्हणे. पोरगी शिकली ती अखेर चाळणीवाल्यांत जाऊन बसली, असं ते महिनाभर घरात बोलत होते.

तिथे मीराबाई नावाची एक बाई होती. चारूनं वही उघडली आणि नाव विचारलं. ती बाई चाळणी न थांबवता म्हणाली, "कोनतं सांगू? माहेरचं का इथलं?"

एवढ्या एका वाक्यावर चारूनं आपली सगळी नोकरी काढली, असं मी चिडवायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी पेढे खायचे. आपण सगळे हे बघत आलो. त्या तांदळाखाली जे नाव गेलं त्याचं पुढे काय होतं, हे तिनं विचारायला सुरुवात केली. दर रविवारी एस.टी.नं कुहीला जायची, तिथून पायी खेड्यांत. धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या बायकांना तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. लग्नाआधी तुमचं नाव काय होतं? बायका आधी लाजायच्या, मग हसायच्या, आणि काही जणी नाव उच्चारून रडायच्या. कुही तालुक्यात तिला नाववाली बाई म्हणू लागले. अशा अकराशे बायका तिनं वह्यांमध्ये उतरवल्या. त्यावर पुस्तक झालं, ते तीन विद्यापीठांत लागलं. एक कपाट आणि दोन खुर्च्या एवढ्यावर तिनं स्त्री-अभ्यास केंद्र उभं केलं, आणि तिसरी खुर्ची मिळवायला प्राचार्यांशी चार वर्षं भांडली. त्या चार वर्षांत मी तिच्या बाजूनं होते, हे नमूद करून ठेवते.

केंद्रातल्या विद्यार्थ्यांसाठी तिचे नियम फार कडक. जिची मुलाखत घेतली तिचं खरं नाव कुणाला सांगायचं नाही, मॅडमलाही नाही. गावाचं नाव लिहायचं नाही, नुसतं अक्षर लिहायचं. खऱ्या नावाच्या चिठ्ठ्या पाच वर्षांनी फाडून टाकायच्या. लेखनात खोटं नाव घालायचं, पण ते त्या बाईनंच निवडायचं. निदान खोटं नाव तरी तिला मनासारखं मिळू दे, असं ती वर्गात म्हणायची. मला ते वाक्य आवडायचं, तिला कधी सांगितलं नाही.

तिनं स्वतः लग्न केलं नाही. पुस्तकाच्या प्रस्तावनेत तिनं लिहिलं होतं, "माझ्या वडिलांनी दिलेलं नाव मी आयुष्यभर जसंच्या तसं वापरलं." वडील गेल्यावर आई, म्हणजे शोभाताई, तिच्याकडे राहायला आल्या. दोन वर्षांपूर्वी चारूचा निरोप समारंभ झाला तेव्हा त्या पहिल्या रांगेत मोरपंखी लुगडं नेसून बसल्या होत्या. चारू भाषणात म्हणाली, की ज्या बाईला तिचं नाव कुणी विचारत नाही तिच्या घरी मी आधी जाते. टाळ्यांत सगळ्यात शेवटपर्यंत वाजत राहिली ती शोभाताईंची टाळी. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे आणि आता ते आठवलं की मला स्वतःचाही राग येतो, कारण मीही तेव्हा टाळ्याच वाजवत होते.

फेब्रुवारीत शोभाताईंना झटका आला. डावा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्या वाचल्या म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. पण घरी आल्यावर त्या कुणाच्या हाकेला ओ देईनात. कानाला काही झालं नव्हतं. बाहेर कुकरची शिट्टी झाली की डोळे वळायचे. आई म्हणा, आजी म्हणा, शोभाताई म्हणा, त्या भिंतीकडे बघत पडून राहायच्या. तोंडापाशी चमचा नेला की ओठ घट्ट. आठ दिवसांत हाडांवर कातडं राहिलं. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत तोंडानं खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी एकदा गेली की बहुधा निघत नाही. मग ते म्हणाले, की अशा वेळी माणूस कधी कधी फार मागे गेलेलं असतं, लहानपणात. तुम्ही ज्या नावानं हाक मारता ते नाव त्यांना स्वतःचं वाटतच नसेल. माहेरचं नाव काय त्यांचं?

"मला माहीत नाही," चारू म्हणाली.

डॉक्टरांनी ठीक आहे म्हणून बॅग उचलली. त्यांना काय कल्पना! मी मात्र साडी पुसायची सोडून तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. ते गेल्यावर मी म्हटलं, चारू, अकराशे बायकांना विचारलंस ना गं हे?

ती आईच्या पायावरची चादर सारखी करू लागली. मग म्हणाली, "ती आई होती, अस्मिता. आईला काय विचारायचं असतं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणी शंभर वेळा वहीत लिहिली असेल. ती मला साठी उलटल्यावर त्या खोलीत कळली. माझ्या ओठांवर फार वाईट शब्द आले होते. तिचा चेहरा बघून गिळले. ती इतकी पांढरी पडली होती की मला वाटलं, आता हिलाही झोपवावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. आधार कार्डावर शोभा, रेशन कार्डावर शोभा, बँकेत शोभा. शाळेचं रजिस्टर बघावं म्हटलं तर शोभाताई शाळेत गेल्याच नव्हत्या. भाऊ होता, तो कधीच वारला. त्याच्या सुनेला कुहीला फोन लावला. ती म्हणाली, आम्ही आत्याबाई म्हणतो, नाव कोन घेते मोठ्या मानसाचं?

शुक्रवारी मी गाडी काढली आणि दोघी त्यांच्या माहेरच्या गावी गेलो. चारू या गावात तीनदा मुलाखती घेऊन आली होती, इथल्या बावीस बायका तिच्या वह्यांमध्ये होत्या. शोभाताईंच्या वयाचं एकच माणूस गावात उरलं होतं, ताराचंद नावाचे म्हातारे. ओसरीवर खाटेवर बसले होते. कोणाबद्दल विचारतो आहोत हे कळायला त्यांना दहा मिनिटं लागली.

"नाव काई याद नाही, बाई," ते म्हणाले. "आम्ही तं तिले नाच्याची पोरगी म्हनो."

चारूनं विचारलं, कोण नाच्या?

"तिचा बाप नं. मंडईच्या दंडारीत बाईचं सोंग घे तो. असा नाचे का बायामानसं लाजत."

दिवाळीनंतर त्या भागात मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथे दंडारीची नाटकं होतात, आणि त्यांत बाईची कामं पुरुष करत, हे चारूला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं त्यावर व्याख्यानं दिली होती. सोंगातला पुरुष आणि घरातली बाई, असं काहीतरी त्याचं नाव होतं. पण आपला आजोबा लुगडं नेसून उभा राहायचा हे तिला ठाऊक नव्हतं. तिला सांगितलेलं होतं, आजोबा धानाची शेती करत आणि तापानं गेले. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, की आमच्याकडे हे कुणी बोललं नाही. मी म्हटलं, तू विचारलं असतंस तर? नको तिथे माझी जीभ चालते, हा माझा जुना रोग आहे. कळमना येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

शनिवारी सकाळी रितिका आली. रितिका चारूची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः एका कॉलेजात शिकवते. ती आजींना बघायला म्हणून संत्री घेऊन आली होती. मी तिला सगळं सांगितलं, नाव सापडत नाही, सोमवारी नळी घालणार, गाव पालथं घातलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. ती संत्री तशीच टेबलावर ठेवून, तासाभरात येते म्हणून निघून गेली. मला ते विचित्र वाटलं आणि थोडं उद्धटही.

ती आली ती हातात एक जुनी फाईल घेऊन. उभ्या उभ्याच बोलली.

"मॅडम, मी आजींना शब्द दिला होता. आणि तुम्हीच शिकवलं होतं, कुणाची मुलाखत घेतली ते सांगायचं नाही म्हणून."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट तिनं सांगितली. एम.ए.ला असताना साठीपुढच्या एका बाईची मुलाखत लिहून आणायची होती. रितिकाच्या घरात तसं कुणी नव्हतं. शेजारच्या आजीनं नकार दिला होता. मुदत वाढवून मागायला ती याच घरी आली, तर मॅडम कुहीला गेलेल्या. शोभाताईंनी तिला बसवलं, पोहे दिले, काम काय ते विचारलं आणि म्हणाल्या, मंग मले इचार नं. तीन तास बोलल्या. शेवटी बजावलं, तुह्या मॅडमले सांगू नोको.

"काहून, असं मी विचारलं," रितिका म्हणाली. "तर म्हणाल्या, तिनं सोता इचारलं असतं तं सांगतलं असतं."

खुर्ची जवळ नव्हती, चारू पलंगाच्या कडेला टेकली. रितिकानं फाईल तिच्या मांडीवर ठेवली. अकरा पानं, आणि वरच्या कव्हरावर लाल शाईत दहापैकी साडेपाच. ते अक्षर मी पस्तीस वर्षं ओळखते.

चारूनं मधलंच एक पान उघडलं, चार ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडे दिले. मी तिथूनच मोठ्यानं वाचलं. उत्तरं रितिकानं आजींच्याच बोलीत उतरवली होती. "माहा बाप दंडारीत बाई बने. त्याच्या सोंगाचं नाव त्यानं मले ठेवलं. सासरी म्हनाले, हे नाव नाचनारीचं हाय, घरच्या सुनेले शोभत नाही." समासात लाल शाई: अतिरंजित वाटते. पुढे, "पोरीचं नाव म्या ठेवलं. त्याच दंडारीतलं. घरात सांगतलं का तिच्या बापाले सुचलं, म्हंजे कोनी बदलवत नाही." समासात लाल शाई: पुरावा? मला पुस्तकाची प्रस्तावना आठवली. मी चारूकडे बघितलं नाही, बघवलं नाही. पुढच्या पानावर त्या म्हणाल्या होत्या, "बाकीच्या बायाचं इचारासाठी पोरगी इतवारी जाते. मी डब्बा करून देतो." त्या ओळीपाशी लाल शाई नव्हती. ती ओळ बहुधा नजरेखालून नुसतीच गेली होती.

दर रविवारी सकाळी पोळ्या आणि भाजीचा डबा. कितीदा तो डबा मीही खाल्ला आहे, झुणका असला की जास्तच. या बाईनं तो डबा भरताना काय विचार केला असेल?

मग मी विचारलं, रितिका, पण खरं नाव काय? ते तर तू लिहिलं नसशील.

रितिकानं कव्हर उलटून पहिलं पान पुढे धरलं. वरती, जिथे बाईनं निवडलेलं खोटं नाव लिहायचं असतं, तिथे लिहिलं होतं, कामिनी. त्याखाली गाव: क, वय: बहात्तर, मग पहिला प्रश्न, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं? आणि त्याचं उत्तर, "तू वरतं लिवलं नं, तेच."

"मी खोटं नाव विचारलं तर त्यांनी लगेच सांगितलं," रितिका म्हणाली. "आणि इतक्या हसल्या. मला तेव्हा कळलंच नाही. वाटलं, म्हातारपणी गोंधळल्या."

चारूलाही कळलं नव्हतं. त्या उत्तरापुढे तिनं लिहिलं होतं, असंबद्ध. आणि वरच्या 'कामिनी'वर लाल शाईची आडवी रेघ होती, आणि बाजूला तिच्या सुरेख अक्षरात: "नाव पटत नाही. या पिढीतल्या ग्रामीण स्त्रीला साजेसं साधं नाव घ्यावं."

आयुष्यात मी बरेच धक्के पचवले आहेत. पण ती लाल रेघ मला पचवता आली नाही. एकदा तांदळात पुसलं गेलेलं नाव त्या बाईनं पन्नासहून जास्त वर्षांनी, हसत हसत, लेकीच्याच हातात पोचेल असं लिहून ठेवलं होतं. आणि लेकीनं ते पुन्हा खोडलं. कोणत्या सासऱ्यानं नाही, कोणत्या अडत्यानं नाही. अकराशे बायकांच्या नाववाल्या बाईनं. मला ओरडावंसं वाटत होतं आणि कुणावर ओरडायचं तेच कळत नव्हतं.

चारू उठली. पेजेची वाटी टेबलावर निवत होती, ती घेतली आणि आईच्या डोक्यापाशी जाऊन बसली. आधी तिच्या तोंडून सवयीनं "आई" आलं. भिंतीकडची नजर हलली नाही. मग ती आणखी जवळ वाकली. ते नाव घ्यायला तिला लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. वर्गात ज्या सफाईनं ती बोलते ती कुठे गेली होती कोण जाणे.

"कामिनी," ती म्हणाली.

शोभाताईंची मान वळली. त्यांचे डोळे खोलीभर फिरले आणि चारूवर येऊन थांबले. वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द जड निघत होते, पण निघाले.

"हो. काय वं?"

रितिका रडायला लागली. चारू रडली नाही. तिनं चमचा पुढे केला आणि तिच्या आईनं पेज घेतली. एक चमचा, दुसरा, तिसरा. नळी टळली, हे मला तेव्हाच कळलं, आणि मी मनातल्या मनात डॉक्टरांना सोमवारचा फोनसुद्धा करून टाकला. सहाव्या चमच्याला त्यांनी हात वर केला, उजवा, चांगला हात, आणि चारूच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं.

"तू कोन होय वं?"

"मी चारू. तुही पोरगी."

शोभाताई हसल्या. तसं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, ते सोळा वर्षांच्या मुलीचं होतं.

"काई बी सांगते. माहं लगन तं होवाचंच हाय."

चारूच्या हातातला चमचा वाटीत पडला. तिनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांग, असं तिच्या डोळ्यांत होतं. हाक मारून जिला परत आणलं तिला मुलगी झालेलीच नव्हती. चमचा परत उचलायला चारूला थोडा वेळ लागला. तोवर कामिनीनं तिची बाही ओढली.

"तुहं नाव काय म्हनलं?"

"चारुशीला."

ते ऐकून ती बाई एकदम गंभीर झाली. आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तशी बघू लागली.

"हे नाव तं म्या राखून ठेवलं हाय," ती म्हणाली. "माह्या बापाच्या दंडारीतलं होय. मले पोरगी झाली तं तिच्यासाठी. तुले कोनं देल्लं?"

चारूनं पेज ढवळली, चमचा भरला आणि पुढे केला. कामिनीनं तो घेतला, पण नजर तिच्यावरून काढली नाही. तिला उत्तर हवं होतं.